सहाव्या कंदिलाचा हितचिंतक

१३ जुलै, रविवार

आज नागेशच्या फोनचा वार. फोन आला आणि तीन वाक्यांत संपला. 'जेवलाव का अप्पा, आई बरी हाय का, ठेवतो.' एवढ्यासाठी पोटचा पोरगा कशाला पाहिजे? बँकेचं मशीनसुद्धा माणसाशी याहून जास्त बोलतं. रागानं फोन बाजूला ठेवला आणि मागच्या वर्षीची ही कोरी डायरी काढली. घरात बायकोशी, शोभाबाईशी, या विषयावर बोलायची सोय नाही. ती लगेच डोळ्याला पदर लावते आणि मग मलाच समजूत घालत बसावं लागतं.

नागेश बेंगळुरात व्हिडिओ गेम करणाऱ्या कंपनीत आहे. करणाऱ्या, खेळणाऱ्या नव्हे. हे आमच्या ठाणाकुशनूर गावाला समजावून सांगण्यापेक्षा कंडक्टर असताना औराद-बिदर गाडीत बाजाराच्या दिवशी तिकिटं फाडणं सोपं होतं. गेली काही वर्षं तो एकाच गेमवर आहे. लँटर्न रोड, भाग सहावा. एक बाई हातात कंदील घेऊन अंधाऱ्या मुलखातून हिंडते, असा तो खेळ. पहिला भाग आला तेव्हा नागेश शाळेत होता. इकडची पोरं त्याला नुसतं 'कंदील' म्हणतात. कंपनी परदेशातली, पण या भागाचं निम्मं काम बेंगळुरात आहे. पाचवा भाग आला त्याला नऊ वर्षं झाली म्हणे, त्यामुळे लोक वाट बघून चिडलेले आहेत.

किती चिडलेले, ते काल कळलं. पोस्टात गेलो होतो. आमच्या गावची पोस्टमास्तर सुधारानी, किराणावाल्या संगमेश्वरअण्णांची मुलगी, या कंदिलाची पक्की शौकीन आहे. शिक्के मारता मारता म्हणाली, "काका, नागेशदादाच्या गेमला लई शिव्या पडायलेत. नवी झलक बघितलाव का न्हाई?" तिनं मोबाईलवर दाखवलं. झलक दीड मिनिटाची आणि खाली शिव्यांचा ढीग. गेम अजून बाजारात आलेला नाही. तो ऑक्टोबरात यायचा आहे.

म्हणजे पोरगं हे सगळं रोज वाचत असणार. तिकडे एकटा राहतो. लग्नाचं नाव काढू देत नाही. जेवतो का, झोपतो का, देव जाणे. मला भीती वाटायला लागली आहे. हे डायरीतच बरं.

१६ जुलै, बुधवार

सुधारानीनं मला त्या शौकिनांच्या ग्रुपात घातलं. देशभरातली माणसं तिथं हिंदीत, इंग्रजीत, जमेल तसं मत देत असतात. माझं नाव काय ठेवायचं विचारलं. खरं नाव नको म्हणालो, उगीच नागेशचा संबंध लागायचा. 'हितचिंतक' ठेवलं.

दुपारभर वाचत बसलो. मतं कसली, बाजाराच्या दिवशीची भरलेली बसच. एक जण म्हणतो, तिसऱ्या भागानंतर कंदील संपला. दुसरा म्हणतो, तिसरा भाग आवडणारे सगळे म्हातारे झाले. कंदीलवालीचा जुना आवाज का बदलला म्हणून एकानं निवेदन काढलंय आणि त्यावर हजारो सह्या आहेत. कुणी म्हणतं घोडा पाहिजे, कुणी म्हणतं घोडा आला तर खेळणार नाही. गाडी अजून डेपोतून निघाली नाही आणि प्रवासी खिडकीसाठी भांडायलेत.

राहवलं नाही. कंडक्टरकीच्या हिंदीत लिहिलं की, बंधूंनो, सब्र से बैठिए, गाड़ी आ रही है, करणारी पोरं दिवसरात्र राबत आहेत, त्यांनाही आईबाप आहेत. खाली लिहिलं, 'आपका हितचिंतक'.

उत्तर आलं, आप कंपनी के आदमी हो क्या? दुसऱ्यानं विचारलं, आधीचे किती भाग खेळलात? आता खोटं कसं लिहू? एकही नाही, असं लिहिलं. मग माझी जी चेष्टा झाली ती इथं लिहीत नाही.

२४ जुलै, गुरुवार

नागेशचा जुना कॉम्प्युटर झटकून सुरू केला. आधीचे पाचही भाग त्यात होतेच, पहिल्यापासून सुरुवात केली. खेळल्याशिवाय मत द्यायचं नाही, हे त्या टवाळांचं म्हणणं मला पटलं. बिनतिकीट चढलेल्याला जागेवरून भांडायचा हक्क नाही. राबणाऱ्या पोरांची बाजू मात्र मी रोज चार ओळी लिहून घेतो आणि रोज मार खातो.

पहिले चार दिवस कंदीलवाली बाई एकाच विहिरीत पडत होती. शोभाबाई दारात उभी राहून म्हणाली, "अव्हो, त्या बाईला बाजूनं कामून न्हेईनात?" मी म्हणालो तू ने. तिनं खुर्चीवर बसून दोन बटणं दाबली आणि बाईला बाजूनं नेलं. तेव्हापासून विहिरी आणि पूल तिच्याकडे, बाकीचं माझ्याकडे.

खेळ वाईट नाही. खरं सांगायचं तर उठवत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

दुसरा भाग झाला. तिसरा सुरू. संध्याकाळी मात्र नेमानं उठतो, कारण वर्षावासाचे तीन महिने चालू आहेत आणि बुद्धविहारात ग्रंथवाचन माझ्याकडे असतं. आज वाचता वाचता पुढच्या पानावर कंदील दिसायला लागला. स्वतःची लाज वाटली.

नागेशचा फोन आला नाही. आम्ही केला तर म्हणाला, मीटिंगमधी हाव.

१० ऑगस्ट, रविवार

आज फार चिडलो होतो. 

ग्रुपवर एकानं लिहिलं की सहावा भाग हिंदुस्थानातल्या पोरांकडे दिला म्हणजे वाटोळं ठरलेलंच. यांना कुठलं आलंय जुन्या मुलखाचं, जुन्या दगडांचं ज्ञान, इकडून तिकडून चित्रं चिकटवून देतील. लिहिणारा आपल्याच देशातला. वर त्याला शेकड्यानं अंगठे. मला ते वाचून नागेश दिसला, खाली मान घालून तेच वाचणारा.

मला माहीत आहे पोरानं काय केलंय. दोन वर्षांमागे तो आला होता, तेव्हा मला घेऊन बिदरला नौबादच्या सुरंग बावीवर गेला. जमिनीखालून कोरलेला पाण्याचा बोगदा आणि वर माळावर ओळीनं गोल तोंडं, उजेड-वारा आत जायला. तो खाली उतरला होता. मी वर टेपचं टोक धरून बसलो होतो आणि तो खालून आकडे ओरडत होता. एकेका दगडाचा फोटो काढला. नंतर चहा पिताना म्हणाला, "शेवटचा टप्पा असाच हाय अप्पा. खालून चालायचं, वरून गोल गोल उजेड. आन् शेवटाला राक्षस-बिक्षस काई न्हाई. नुसतं पानी. बाई कंदील पान्यावर सोडती, संपलं." मग म्हणाला, "कुनाला सांगू नका."

तो शब्द मी आजवर पाळला आहे. गावात, पाहुण्यांत, विहारात कुणाजवळ ब्र काढला नाही. शोभाबाईलासुद्धा नाही.

आज मात्र त्या शहाण्याला उत्तर दिलं. लिहिलं की, साहेब, ज्या पोरांना तुम्ही अडाणी समजता ती बिदरच्या सुरंगात उतरून फूटपट्टीनं दगड मोजून आलेली आहेत. गोल झरोक्यातून उजेड कसा पडतो ते बघून आलेली आहेत. शेवटाला राक्षस न ठेवता पाणी ठेवायला आणि त्यावर कंदील सोडायला काळीज लागतं, ते इकडून तिकडून चिकटवता येत नाही. आपका हितचिंतक.

आता बरं वाटतंय. तिथं मला ओळखतंच कोण.

१३ ऑगस्ट, बुधवार

ग्रुपवर माझी पत एकदम वाढली आहे. सगळे मला चाचा म्हणायलेत. 'चाचा को सलाम', 'चाचा जिंदाबाद'. स्पष्ट बोललं की माणसं मानतात, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

पण त्याच वेळी एक वाईट गोष्ट झाली. कुणीतरी नालायकानं सहाव्या भागाचा शेवट फोडला आहे. जगभर बोंब झाली आहे म्हणे. ग्रुपचे चालक ज्या त्या मजकुरावर काळी पट्टी ओढायलेत, ज्याला वाचायचं त्यानं आपल्या जबाबदारीवर उघडावं. सुधारानीनं मला हात जोडून सांगितलं, "काका, ते उघडू नका. माजी शपथ हाय. एवढी वर्सं वाट बघितली आन् फुकट मज्जा जाईल." तिनंही उघडलेलं नाही. पट्टी दिसली की मी फोन उलटा ठेवतो.

मला खरं तर शेवट ठाऊक आहे, पण इतर काय काय फुटलंय कुणास ठाऊक. घरभेदी असणार कुणीतरी.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आश्चर्य. वार नसताना नागेशचा फोन आला, आणि कालही आला होता. इकडचं तिकडचं बोलला. मूग निघाले का, गुडघा कसाय. मग हळूच विचारलं, "अप्पा, मोबाईलवर काय बघत बसता आजकाल? काई वाचायलाव का?"

मी म्हणालो, काही नाही, बातम्या. गेम बाजारात आला की त्याला एकदम सांगायचं आहे की तुझा बाप चौथ्या भागापर्यंत पोचलाय. त्यानं पुन्हा विचारलं नाही. मग म्हणाला, "बरं. तब्येत सांभाळा. कशाचं मनाला लावून घेऊ नका."

मी कशाचं लावून घेतोय? शोभाबाई म्हणते, पोरगं सुधारलं. तिनं शेजारी वाटायला शिरा केला.

२ सप्टेंबर, मंगळवार

फोन रोज येतो. आज म्हणाला की त्याला सध्या कंदिलाच्या कामावरून काढून दुसऱ्या कामावर बसवलंय, थोडे दिवस. मी म्हणालो, बरं झालं, विश्रांती मिळेल. तो 'व्हय' म्हणाला. पण ते 'व्हय' मला आवडलं नाही. शाळेत नापास झाल्यावर तो असंच म्हणायचा.

ग्रुपवर चर्चा आहे की कंपनीनं शेवट फोडणाऱ्याची चौकशी लावली आहे आणि बेंगळुरातल्याच कुणाची तरी नोकरी जाणार. मी लिहिलं की अशा माणसाला अजिबात दयामाया दाखवू नये, त्याच्यामुळे प्रामाणिक पोरांच्या मेहनतीवर पाणी पडतं. त्यावर लोकांनी हसरे चेहरे टाकले. 'चाचा, आप भी ना.' यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. ही पिढीच वेगळी आहे.

पाचवा भाग सुरू केला. लोक नावं ठेवतात ते उगाच नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

लिहवत नाही, पण लिहितो.

दुपारी सुधारानी घरी आली. पोस्ट बंद करून थेट. पाणी नको म्हणाली, बसली नाही. शोभाबाई आत आहे बघून हळू आवाजात म्हणाली, "काका, सकाळी टपाल घेऊन औरादच्या पोस्टात गेलते, तर एका पोरानं मला सगळंच सांगून टाकलं, मी नको नको म्हनत असताना. मग माघारी येऊन आपल्या पोस्टातच मी पट्टी उघडली. काका, ते तुमचं हाय."

मी म्हणालो, काय माझं?

"फुटलेला शेवट. सुरंग, झरोके, पानी, कंदील. खाली 'आपका हितचिंतक' असं हाय. लोकांनी त्याचं इंग्रजी केलं, चिनी केलं. झलकेत एक गोल उजेड दिसतो, त्याच्याशी जुळवून बघितलं. मग सगळ्यांला पटलं की खरं हाय."

 मला आधी वाटलं तीच काहीतरी घोटाळा करते आहे. मग तिनं फोन पुढे धरला आणि माझीच वाक्यं मला दिसली. फूटपट्टी, काळीज, सगळं.

नालायक मी. घरभेदी मी. दयामाया दाखवू नका असं ज्याच्याबद्दल लिहिलं तोही मीच. पोराला कामावरून का काढलं ते आता कळलं. कुनाला सांगू नका, असं त्यानं सांगितलं होतं. मी कुनाला म्हणजे ओळखीच्या माणसाला धरलं. आमच्या गावात 'कुणी' म्हणजे ओळखीचंच असतं. अनोळखी माणूस दिसला की आम्ही त्याला गाव विचारतो आणि ओळखीचा करून टाकतो. जगभरची माणसं त्यात धरायची असतात, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

संध्याकाळी नागेशचा फोन वाजला. मी उचलला नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

काल आणि आज मिळून त्याचे पुष्कळ फोन आले. मी अंघोळीला, मी झोपलोय, मी विहारात, असं शोभाबाईला सांगायला लावलं. शेवटी ती म्हणाली, "दोन दिसात किती येळा अंघोळ करायलाव?"

विहारात वाचायला बसलो. सम्यक वाचेचा भाग नेमका आज आला. खोटं बोलू नये, चहाडी करू नये, वायफळ बोलू नये. लोक ऐकत होते आणि मला वाटत होतं की सगळे माझ्याकडेच बघायलेत. अर्ध्यात पुस्तक शेजारी बसलेल्या पंचशीलाबाईंच्या हातात दिलं आणि बाहेर चपला जिथं काढतात तिथं बसून राहिलो.

घरी आल्यावर शोभाबाईला सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, "पोराची नोकरी गेली तर गेली. तो तिकडं एकला बसला असंल आन् बाप फोन उचलंना. आधी ते मिटवा." उद्या सकाळी फोन करायचा आहे. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. पोरानं बोलणं तोडलं तर? तेच माझा जीव खातंय. नोकरी दुसरी मिळेल.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी अंगणात बाजेवर बसून फोन लावला. शोभाबाई समोर तांदूळ निवडत बसली, उठायचं नाव काढेना.

मी प्रस्तावना केली नाही. म्हणालो, "नागेश, ते ग्रुपवरचं मी लिव्हलंय. हितचिंतक मीच हाव."

तो म्हणाला, "म्हाईत हाय अप्पा."

"कवापासून?"

"जुलैपासून. 'सब्र से बैठिए, गाड़ी आ रही है' असं दुसरं कोन लिव्हनार?"

 तोच बोलत राहिला. एवढा तो कॉलेजात गेल्यापासून बोललेला नाही. म्हणाला, जुलैत त्यांच्या टीममधी सगळ्यांची तोंडं उतरलेली होती. शिव्या वाचून एक मुलगी नोकरी सोडून गेली. त्यात हा एक हितचिंतक उगवला, जो एकही भाग न खेळता त्यांची बाजू घ्यायचा आणि मार खायचा. रोज सकाळी कुणीतरी त्याचं लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि मग कामाला बसायचे. "मी कुनाला सांगितलं न्हाई की हे माजे अप्पा हायत म्हनून. तुमाला बी बोललो न्हाई. बोललो असतो तर तुमी लाजून बंद केलं असतं. मला रोज वाचायला पाहिजे होतं. मंग ते दहा तारखेचं आलं. चूक माजी बी हाय. मी तवाच फोन करून सावध करायला पाहिजे होतं."

"आन् नोकरी?"

"साहेबांला मी त्याच दिवशी खरं सांगितलं. माज्या वडिलांनी लिव्हलंय, टेपचं टोक त्यांनीच धरलं हुतं. चौकशी चालली. कुनाचंच काई सांगता येत नव्हतं, म्हनून तुमाला रोज फोन करायलतो. तुमाला कळलंय का, जेवायलाव का, तेच बघायलतो. परवा निकाल लागला. लेखी ताकीद दिली आन् परत कंदिलावर घेतलं. तेच सांगायला दोन दिस फोन लावायलोय, तर तुमी अंघोळीला."

मी डोळे पुसले. हे लिहायला लाज कसली. छातीवरचं पोतं उतरावं तसं झालं. विचारलं, साहेब माझ्याबद्दल काय म्हणाले?

"म्हनले, तुमच्या वडिलांला इथून पुढं काई सांगत जाऊ नका."

आणि तो हसला. मीही हसलो. शोभाबाईला काय झालं ते कळलं नव्हतं, तरी तीही हसायला लागली आणि तांदळाचं सूप कलंडलं.

ग्रुपवर माफी लिहितो म्हणालो, तर गडबडीनं म्हणाला, "न्हाई न्हाई, एक अक्षर लिव्हू नका."

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज पौर्णिमा. वर्षावासाची सांगता झाली, खीर झाली. उरलेलं वाचन मी नीट पार पाडलं.

ग्रुपवर एक अक्षर लिहिलेलं नाही. वाचतो फक्त. काल एकानं लिहिलं की कंदीलवाली पाण्यापाशी जाऊन मरणार. किती चूक आहे हे सांगायला बोटं वळवळत होती. हातावर हात धरून बसलो. लोक विचारायलेत, चाचा कहाँ गए? काहींच्या मते कंपनीनं चाचाला गायब केलंय.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सहावा कंदील आला.

आमच्या जुन्या कॉम्प्युटरला तो पेलत नाही, म्हणून पोस्टाची वेळ संपल्यावर सुधारानीच्या घरी. संगमेश्वरअण्णांनी दुकानातून शेंगदाणे पाठवले. पहिलं गाव उजेडात आलं तेव्हा सुधारानीचे डोळे भरले. पोस्टमास्तर असून रडते, म्हणून मी चिडवलं.

ग्रुपवर मतांचा पूर. कुणी डोक्यावर घेतलंय, कुणी आपटलंय. घोडा आहे, आणि दोन्ही बाजू नाराज आहेत. मला पूर्वीसारखं काही टोचलं नाही. ज्याचं त्याचं मत.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज शेवटचा टप्पा केला. खाली बोगदा, वरून गोल गोल उजेड. मला एकेक दगड ओळखू येत होता, किंवा येतोय असं वाटत होतं. पाण्यापाशी पोचलो तेव्हा बटण सुधारानीनं शोभाबाईला दाबायला दिलं. कंदील पाण्यावरून हळूहळू गेला.  नंतर नावं आली, भराभर वर जात होती. नागेशचं दिसलं. शोभाबाई म्हणाली, "थांबवा की जरा." ते थांबत नाही.

आता इथं खरं लिहितो, कारण दुसरीकडे लिहायची चोरी आहे. शेवट उत्तम आहे. पण मधला नावेचा भाग फार कंटाळवाणा आहे. बाई नुसती वल्हवते आहे, वल्हवते आहे, धुकं काही संपत नाही. मी दोनदा पेंगलो. सुधारानीही जांभया देत होती, पण माझ्या तोंडाकडे बघून बोलली नाही. पोरानं एवढ्या हालात केलंय. त्याच्यासमोर हे कधी काढायचं नाही, असं मी ठरवलं आहे. सगळं झकास म्हणायचं.

२ नोव्हेंबर, रविवार

काल कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी धरून नागेश आला. वाळलाय. आल्या आल्या भाकरी-पिठलं खाऊन जो झोपला तो आज उन्हं वर आल्यावर उठला. शोभाबाईनं कोंबडीलासुद्धा अंगणात ओरडू दिलं नाही.

तो उठून बाजेवर चहा पीत बसला. मी शेजारी. फोन त्यानं आतच ठेवला होता. मी तयारी करून ठेवली होती तशी सुरुवात केली. झरोके झकास, पाणी झकास, गावं झकास. तो मान हलवत होता. एकाएकी माझ्या मनात आलं की गेले चार महिने मी देशभरातल्या सोम्यागोम्याचं मत वाचलं, त्यावर भांडलो, त्यापायी पोराची नोकरी घालवत होतो, आणि ज्यानं हा खेळ केला त्याला एकदाही विचारलं नाही.

म्हणालो, "नागेश, तुला कसा वाटला?"

त्यानं कप खाली ठेवला.  मला वाटलं, चुकलंच विचारलं.

मग म्हणाला, "खरं सांगू का अप्पा? ती नाव लई लांबली."

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे.

"लई म्हंजे लईच," मी म्हणालो. "मी दोनदा झोपलो."

"मी चाचणीच्या टायमाला झोपायलतो," तो म्हणाला. "साहेबांला सांगितलं बी, अर्धी करा म्हनून. कोन ऐकतंय?"

मग आम्ही दोघांनी मिळून त्या नावेला जी नावं ठेवली ती कुठल्याही ग्रुपवर कुणी ठेवली नसतील. धुकं, वल्ही, त्या नदीतले तेच ते बगळे, एकेकाला धरून काढलं. तो हसता हसता बाजेवर आडवा झाला. शोभाबाई चुलीपासून ओरडली, "कामून हसायलाव एवढं?" आणि उत्तर मिळत नाही म्हटल्यावर हात पुसत बाहेर येऊन आमच्याजवळ बसली.

घोड्याबद्दल मात्र आमचं जमलं नाही. तो म्हणतो, पाहिजे होता. मी म्हणतो, नको होता. दुपारच्या जेवणातही तेच चाललं होतं.